वाळूच्या जादूगाराचा सत्कार

सांगते, सगळं सांगते, पण आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या नणंदेला असा ठसका लागला की चहा थेट भिंतीवर! माझी ही फजिती अख्ख्या डोंबिवलीला पाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

तर, आमचं एक वाचन मंडळ आहे. मी चिटणीस. अध्यक्ष गोडबोलेबाई. त्यांना साहित्य लागतं ते गंभीर. पुस्तकातला माणूस निदान पंचवीस पानं खिडकीतून बाहेर बघत गप्प बसला नाही, तर त्या ते पुस्तक हातातसुद्धा धरत नाहीत. आणि मला काय हवं असतं? वाळवंट! उंट! वाळूत बुडालेलं शहर, ते खणून काढणारी निधड्या छातीची बाई, मागावर चोरांची टोळी आणि पखालीत शेवटचं घोटभर पाणी!

अशातच ‘वाळूखालचा दरवाजा’ नावाची कादंबरी माझ्या हाती लागली. लेखक हरेश्वर भोईर. अहो, काय लिहिलंय म्हणून सांगू! वादळ सुरू झालं की वाचणाऱ्याच्या दातांखाली वाळू कचकचते. घसा कोरडा पडायचा, पण पाणी प्यायला उठायचं तर पुस्तक खाली ठेववत नव्हतं. दोन दिवस आमच्याकडे आमटी करपली. आमचे हे म्हणाले, “वाळवंटात मिळते तशी झालीय.” मी तेही कौतुक समजले.

मंडळाच्या सभेत मी जाहीर केलं, “यंदाचा सत्कार हरेश्वर भोईरांचा!”

“असल्या चोर-पोलीस पुस्तकाचा?” गोडबोलेबाईंच्या भुवया पार केसांत गेल्या. “ठीक आहे सुनंदा, कर. पण कार्यक्रम पडला तर चिटणीसपद सोडायचं.”

पण लेखक शोधायचा कुठे? पुस्तकावर ना फोटो, ना पत्ता. प्रकाशकाचा फोन कायमचा बंद. आठवडा झाला, पंधरवडा झाला. आणि एक दिवस मी ठाण्याला बहिणीकडे गेलेले, येताना लोकल बंद म्हणून खोपटच्या स्टँडवरून कल्याणची एसटी पकडली. दुर्गाडी किल्ल्याच्या अलीकडे बस ट्रॅफिकमध्ये अडकली. सहज बाहेर बघते तर काय! समोरच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत रंगवलेलं: ‘वाळू’. पुढचं काही दिसत नव्हतं, कारण आडवा टेम्पो उभा. पण खाली स्पष्ट लिहिलेलं: ‘हरेश्वर भोईर’, आणि फोन नंबर!

मी खिडकीतून बाहेर पडायचीच बाकी राहिले. वाटलं, वा रे पठ्ठ्या! मराठी लेखक शेवटी भिंतीवर जाहिरात करायला लागला! टेम्पोमागे ‘खालचा दरवाजा’ एवढंच असणार ना? दुसरं काय असणार?

घरी येऊन चप्पल न काढता फोन लावला.

“भोईरसाहेब का?”

“हां, बोला.”

“अहो, तुमच्या वाळूनं मला वेड लावलंय!”

पलीकडे एकदम घाबरलेला आवाज. “काय झाला ताई? माती निंगाली काय?”

“माती? सोनं निघालं, सोनं!”

“सोना? माझ्या रेतीन?”

काय ती गोड आगरी बोली! मी विरघळलेच. “आणि प्लॉट तर काय जबरदस्त!”

“प्लॉट बघितला तुमी? वडलांचा हाय तो.”

बघा! वडिलांनी सांगितलेली गोष्ट मुलानं लिहिली. माझ्या डोळ्यांत पाणी. “आणि शेवटी तो दरवाजा उघडतो, तेव्हा अंगावर काटा आला हो!”

“दरवाजा आमी देत नाय ताई. फकस्त रेती, खडी, इटा.”

केवढी ही नम्रता! अख्खं शहर उभं केलं माणसानं, आणि म्हणतो काय, तर फक्त रेती, खडी, विटा!

“पण एवढी वाळू तुम्ही आणता कुठून?”

पुन्हा घाबरलेला आवाज, या वेळी जरा जास्तच. “ताई, तुमी सरकारी हापिसातनं बोलताव काय?”

“छे हो! आम्हाला तुमचा सत्कार करायचाय.”

“माझा? कशापायी?”

“तुमच्या वाळूपायी!”

खरं सांगते, त्या माणसाचा आवाज भरून आला. “येवढी वर्सं धंदा करतंय ताई. चांगल्या मालाबद्दल कोनी च्या पन पाजला नाय. मी येतंय. बायकोला पन आनतंय.”

आता ‘धंदा’ आणि ‘माल’ ऐकून तरी मी थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! मला वाटलं, सराईत लेखक असंच बोलतात.

फोटो मागवला. आला. डोळ्यांवर काळा गॉगल, कमरेवर हात आणि मागे वाळूची ही मोठी टेकडी! शंकेला जागाच नाही. तो फोटो टाकून आम्ही व्हॉट्सॲपवर आमंत्रण फिरवलं: ‘वाळूचे जादूगार हरेश्वर भोईर यांचा जाहीर सत्कार’. हे म्हणाले, “मागे टेम्पो दिसतोय.” मी म्हटलं, “मोहिमेचा असेल.”

रविवारी संध्याकाळी सोसायटीचा हॉल गच्च भरला. भोईर आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात सोन्याची साखळी. बरोबर नऊवारी नेसलेल्या, अंबाड्यावर गजरा माळलेल्या वहिनी. आणि गाडीत एक गोणी, तिला लाल रिबीन बांधलेली.

“ही काय आणलीत?”

“सँपल हाय. मंडळाला भेट.”

वाळवंटातली वाळू! माझ्यासाठी! मी हरखून गेले. तेवढ्यात दारात एक किडकिडीत, चौकड्यांचा शर्ट घातलेले गृहस्थ आले. हळू आवाजात म्हणाले, “मी विठ्ठलवाडीहून आलोय. ते आमंत्रण बघितलं. मी हरेश्वर भोईर...”

“हो हो, कार्यक्रम त्यांचाच आहे.”

“तसं नाही, मी स्वतः...”

“सही नंतर मिळेल हो सगळ्यांना! आधी जरा गोणीचं ते टोक धरा बघू.”

त्यांनी धरलं! बिचाऱ्यांनी खरंच धरलं, धापा टाकत गोणी स्टेजवर नेऊन ठेवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

मी माईक घेतला. “मित्रहो, प्रत्यक्ष त्या भूमीतली ही वाळू! पुढे या, स्पर्श करा!” लोकांनी रांग लावली. आणि विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, खुद्द गोडबोलेबाईंनी चिमूटभर वाळू कपाळाला लावली. वहिनी नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा हात जोडून उभा, डोळे ओले.

शाल झाली, नारळ झाला. मग मुलाखत. मी विचारलं, “भोईरसाहेब, लेखनाची सुरुवात कशी झाली?”

“कसला लेखन?”

“अहो, असं काय करता? ‘वाळूखालचा दरवाजा’!”

“ताई,” ते जरा काळजीनं म्हणाले, “मी फोनवर पन बोललो व्हतो. दरवाजा आमी देत नाय.”

हॉलमध्ये हशा. मला वाटलं, विनोद केला. मीही हसले. आणि मागच्या रांगेतून हळू आवाज आला.

“बाई, दरवाजा माझा आहे.”

ते किडकिडीत गृहस्थ उठून उभे होते. शर्टावर गोणीचे डाग.

काय होतंय ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. वाळूवाल्या भोईरशेठना माझ्याही आधी कळलं. ते सावकाश खांद्यावरची शाल काढून घडी घालायला लागले. वहिनींनी मान खाली घातली. त्या क्षणी मला कोणी त्याच वाळूत पुरलं असतं ना, तर मी आभार मानले असते.

पण लेखकच लगबगीनं स्टेजवर चढले. शेठचा हात धरून म्हणाले, “राहू द्या हो शेठ. माझ्या जेवढ्या प्रती खपल्या, त्याच्या शंभरपट तुमच्या गोण्या गेल्या असतील. आणि तुमच्या मालाबद्दल कोणाची तक्रार नाही.”

“एक पन नाय,” शेठ म्हणाले, आणि शाल परत खांद्यावर गेली.

मग दुसरी खुर्ची आली आणि लेखक भोईरसाहेब बोलायला लागले. तरुणपणी ते राजस्थानात एका उत्खननावर नकाशे काढायला होते. पहाटे वाळूवर उमटलेल्या सापांच्या रेषा, ब्रशनं झाडता झाडता वर आलेली मातीची बांगडी, ती हातात घेतल्यावर सगळ्या मजुरांचं एकदम गप्प होणं... अहो, हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता! एवढं साधं बोलणारा माणूस, पण आम्हाला अलगद उचलून त्या खड्ड्यात उतरवलं. शेठ तर तोंडात बोट घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मंग? मंग काय झाला?” गोडबोलेबाईंनी कपाळाची वाळू पुसायचं विसरून टाळ्या वाजवल्या. माझं चिटणीसपद वाचलं.

यंदा भोईरसाहेबांची नवी कादंबरी आली. पहिली प्रत सहीसकट मला! फुशारून वाचायला बसले. त्यात मोहिमेची एक चिटणीस आहे, सुलोचना नावाची. भुयारात वाटाड्या सगळ्यांना बजावतो, इथे आवाज करू नका, वरची वाळू सैल आहे. सगळे श्वास रोखून उभे. आणि ही बाई घसा खाकरते, “मित्रहो!” म्हणून सुरुवात करते, आणि वरून अख्खी टेकडी तिच्या अंगावर!

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, “अहो, बघितलंत का? मला मारलं हो त्यांनी!”

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “भाषणाच्या आधी की संपल्यावर?”