फानसाहेबांची गळती

दम्माम, सौदी अरेबिया, १२ मार्च २०१४, बुधवार. सकाळपासून धुळीचे वादळ. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल खोचले. वरच्या मजल्यावरचे फानसाहेब आज कायमचे मायदेशी गेले. माझा मुलगा रोहन त्यांना विमानतळावर सोडून आला.

फानसाहेब चीनमधले रॉकेट-इंजिनांच्या पहिल्या पिढीतले शास्त्रज्ञ. डोंगरातल्या एका गुप्त कारखान्यात उभी हयात गेली. ते ट्रॅक्टर बनवतात, असे त्यांच्या बायकोला शेवटपर्यंत वाटत होते. ती वारल्यावर ते इथे, रोहन नोकरी करतो त्या पंपांच्या कंपनीत आले. कफिलाकडे, म्हणजे परवाना काढणाऱ्या सौदी मालकाकडे, प्लंबरचा एकच व्हिसा शिल्लक होता, म्हणून इकाम्यावर, इथल्या रहिवासी ओळखपत्रावर, हुद्दा लागला प्लंबर. "ट्रॅक्टरपेक्षा हे खरे आहे," म्हणायचे.

मग सौदीकरण आले, परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायचा सरकारी हुकूम. त्यांच्या जागी हाशम हा सौदी इंजिनियर नेमला. फानसाहेबांनी त्याला शिकवायचे, तो पास झाला की यांनी निघायचे. नापास झाला तर आणखी एक वर्ष. चीनमध्ये त्यांची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते.

आमच्याकडे जेवताना रोहन म्हणाला, "साहेब, करा की त्याला नापास! सगळे तेच करतात."

"त्याचे काम चांगले आहे," फानसाहेब आमटी भुरकत म्हणाले. "त्याला मी काय करू?" मग स्वयंपाकघराकडे कान देऊन, "मॅडम, तुमच्या कुकरची वाफ बाजूने जाते. रिंग बदला."

हाशम पास झाला. त्यांच्या खुर्चीवर बसताच त्याने फानसाहेबांच्या जाण्याच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. कारखान्यात एक पंप गळत होता, आणि दोषाचे मूळ सापडेपर्यंत कोणी काम सोडायचे नाही, हा फानसाहेबांनीच रॉकेटच्या दिवसांपासून पाळलेला नियम.

"नियम तुमचाच, उस्ताद," हाशम म्हणाला आणि त्याने रोहनकडे बघून डोळा मारला.

आम्ही घरी शिरा केला. मी फानसाहेबांना म्हटले, "आता सावकाश शोधा हं."

"सावकाश कसे शोधतात, मॅडम?" त्यांनी खरोखरच विचारले.

त्याच आठवड्यात त्यांनी मूळ शोधले. उष्णतेने कडक झालेली एक रबरी रिंग. मोठ्या आनंदाने ती त्यांनी हाशमपुढे धरली. हाशमने ती हातात घेऊन वाकवून पाहिली.

"खलास?"

"खलास."

हाशमने सही केली.

रात्री मुगाची खिचडी. कुकरची रिंग बदलली.