जाळीचं दुसरं टोक

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या एका गाळ्यात आमचे हे लग्नपत्रिका छापायचे. स्क्रीन प्रिंटिंगचं काम. लाकडी चौकटीवर नायलॉनची बारीक जाळी ताणून बसवायची, तिच्यातून शाई कागदावर उतरते. जाळी सैल राहिली की अक्षरं फिसकटलीच म्हणून समजा. जाळी घरीच ताणायची, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने पकडीने ओढून धरायची, शेजारी बसून दुसऱ्याने बारीक खिळे ठोकायचे. लग्न झाल्यापासून ओढायला मी होते. भरल्या घरात नवऱ्याजवळ निवांत बसायला मिळायचं ते तेवढंच, त्यामुळे ती पक्कड मी कुणाला देत नव्हते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी शहाडला गेले. बाळाला घेऊन परत आले तर पक्कड नणंदेच्या हातात.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती माझ्याहून लहान, कॉलेज संपवून घरी बसलेली. हे नुसतं "हं" म्हणायचे आणि ती ओढायची. माझ्या वेळी मात्र, "अगं ताण, अजून ताण, जेवली नाहीस का?" असं चालायचं. ताणून झाली की हे जाळीवर टिचकी मारून बघायचे. तिची जाळी टण्ण वाजायची. माझी कायम धप्प. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "भावाबहिणीचे हात कसे जुळलेत हो!" मी बाळाला थोपटत ऐकायचे आणि जळायचे. यांच्या सख्ख्या बहिणीवर कसलं जळायचं, असं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

मग तिचं लग्न ठरलं, कल्याणचं स्थळ. घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. "वहिनीला बघा किती हौस," शेजारणी म्हणाल्या. हौस कसली, मला माझी पक्कड परत हवी होती.

तिच्याच पत्रिकेची जाळी ताणायची वेळ आली तेव्हा मी बाळ तिच्या मांडीवर दिलं. "नवऱ्या मुलीने स्वतःच्या पत्रिकेला हात लावू नये," मी म्हणाले. असलं काही शास्त्र नाही, मी ते तिथल्या तिथे काढलं.

जीव खाऊन ओढलं. यांनी टिचकी मारली. धप्प. यांनी सरळ खिळे उपसायला घेतले. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"दादा, तू वहिनीच्या उजव्या बाजूला बस ना," नणंद म्हणाली. "इकडे बसतोस म्हणून तिला डावा हात चालवता येत नाही. डावखुरी आहे ती."

मी गारच पडले. सासरी डावा हात पुढे करायचा नाही, असं आईने बजावून पाठवलेलं. वाढणं, कुंकू लावणं, सगळं मी उजव्यानेच करत आले होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाळ पडायला लागलं की तुझा डावाच हात आधी जातो."

"अगं, मग बोलली नाहीस ती कधी?" हे माझ्याकडे बघतच राहिले.

यांनी बाजू बदलली. मी पक्कड डाव्या हातात घेतली आणि जाळी टण्ण वाजली. माझी जागा मला मिळाली, पण तीही तिच्याच हातून. हे मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

पाठवणीच्या वेळी मी इतकी रडले की सासूबाईंनाच मला आवरावं लागलं. तेवढ्यात नणंदेची थोरली जाऊ पुढे आली आणि तिला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेली. साधीशीच बाई होती. आता नणंद रोज त्या बाईला निरखणार, तिने न सांगितलेलं ओळखणार, हे मनात आलं आणि मला त्या जावेचा जसा हेवा वाटला, तसा नणंदेचाही कधी वाटला नव्हता.