बिनतारी संशयित

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी खिशातल्या मोबाईलवर जातो. का, ते पुढं कळेलच. आपली फजिती आपणच सांगितलेली बरी. सहकारी सांगतात तेव्हा फोडणी जास्त पडते.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेच्या ठाण्याचा प्रभारी होतो. पेठेतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि नवऱ्याकडच्यांना तिच्याविषयी घाणेरडे निनावी ईमेल जात होते. बाप तक्रार घेऊन आला. ईमेल कोणत्या इंटरनेट जोडणीवरून गेले, ते सायबर शाखेनं शोधून दिलं. पत्ता निघाला मुलीच्याच गल्लीतल्या एका गुरुजींचा. निवृत्तीला चार महिने राहिलेले, आणि ती मुलगीही त्यांचीच विद्यार्थिनी.

सकाळी दोन पंच घेऊन झडतीला गेलो. गुरुजींना वाटलं, साहेब सहज आले.

"या या, आधी च्या घ्या!"

पंचनामा लिहून होईपर्यंत मी चहा पीत बसलो. जाड भिंतींमुळं मोबाईलला रेंज मिळेना. म्हणालो, "गुरुजी, वायफाय आहे का?"

"हाय की. पासवर्ड त्या कॅलेंडरवर लिवलाय. गल्लीतलं कोणबी मागतंय, न्हाय कसं म्हणायचं?"

सगळा तपास त्या एका वाक्यात होता. मी मात्र पासवर्ड टिपून घेण्यात गुंग! मग गुरुजींचा कॉम्प्युटर जप्त केला आणि गल्लीदेखत गुरुजींना जीपमध्ये बसवलं.

ठाण्यात मी टेबलावर हात आपटला. "वायर तुमच्या घरात येते, मग मेल काय शेजाऱ्यानं धाडला?"

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, गुन्ह्यात नाव आलं तर शाळा मला निरोपाचा नारळबी द्यायची न्हाय. चौतीस वर्षं शिकवलंय हो."

दुपारी सायबर शाखेची महिला शिपाई आली. वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं जप्त कॉम्प्युटर उघडून पाहिला. "सर, ते मेल यावरून गेलेले दिसत नाहीत. आणि यात वायफायचा अडॅप्टरच नाही. हा फक्त वायरवर चालतो."

"मग?"

"दुसऱ्या कोणीतरी गुरुजींचं वायफाय वापरलंय. राऊटर हवेत संदेश सोडतो. तो झेलायला आणि उलट पाठवायला कॉम्प्युटरला अडॅप्टर लागतो. आपला वायरलेस सेट असतो ना, तसंच. भिंतीपलीकडंही चालतं. आणि प्रत्येक अडॅप्टरला आपला नंबर असतो, गाडीच्या चासी नंबरासारखा. राऊटरवर कोण कोण जोडलंय, त्याची यादी बघू या."

तीस वर्षं कमरेला वायरलेस सेट लटकवून 'ओव्हर, ओव्हर' ओरडणाऱ्या मला हे एका पोरीनं सांगावं लागलं!

परत गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजींच्या पत्नीनं, वहिनींनी, दार उघडलं. सकाळी चहा दिला होता, आता पाणीही विचारलं नाही. सायबरची ती पोरगी आपला लॅपटॉप वायरनं राऊटरला जोडून यादी वाचू लागली. "सर, वायफायवर दोन अनोळखी नंबर आहेत. आत्ता चालू आहेत."

"दोघं! गल्लीची दोन्ही तोंडं अडवा!" मी गर्जलो. सोबतचे शिपाई धावले.

पोरगी माझ्याकडं बघत हळूच म्हणाली, "सर, तुमचा मोबाईल जरा बंद करता?"

बंद केला. यादीतला एक नंबर गेला.

दारातले दोघं पंच भिंतीकडं तोंड करून हसत होते.

उरला एक. या जाड भिंतींतून वायफाय फार तर शेजारच्या घरापर्यंत पोचेल, असं पोरगी म्हणाली. भिंतीला भिंत लागून शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारा एक इसम राहायचा. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मी आत शिरलो तेव्हा तो कॉम्प्युटरसमोरच बसलेला.

"आमच्यात नेटच न्हाय, साहेब. बघा की, वायर तरी हाय का?"

सकाळी हे मला पटलं असतं. आता मी यंत्राच्या मागं वाकलो. नखाएवढं काळं काहीतरी खोचलेलं होतं. ते उपसलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, गेला!"

त्याचा चेहराच उतरला. पुढं जबाबात सगळं बाहेर आलं. त्या मुलीला त्यानं मागणी घातली होती, बापानं नकार दिला होता. ईमेलचे मसुदेही त्याच कॉम्प्युटरवर सापडले.

ठाण्यात परतलो. गुरुजी बाकावर तसेच बसून होते. मी म्हणालो, "चूक झाली, गुरुजी. जा तुम्ही घरी."

ते उठले नाहीत. "नेताना गल्लीदेखत नेलंत. आणूनबी तसंच सोडा."

सायंकाळी, गल्ली दारात बसलेली असते त्या वेळी, जीप त्यांच्या दारात उभी केली. खाली उतरून टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुरुजींचा काही दोष नाही. चूक माझी."

घटनास्थळी गेल्यावर आधी आपला हात कुठं कुठं लागला ते पाहावं, हे मी त्या दिवशी शिकलो. नव्या पोरांना प्रशिक्षणात तेच सांगत आलो. मोबाईलचा भाग मात्र बरीच वर्षं गाळला.

गुरुजींनी त्या संध्याकाळीच पासवर्ड बदलला. आणि वहिनींनी चहा पुढं केला, तेव्हा गुरुजींनी कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर नवा पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला.

"घ्या, साहेब. न्हाय कसं म्हणायचं?"