मामांच्या गाडीचं झाकण

आधी चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. आणि हे आमच्या ताईच्या सासरी कुणाला सांगायचं नाही हं! सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी जो घोळ घातलाय ना, तसा आमच्या अख्ख्या खानदानात कुणी घातला नसेल.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिगूमामा, म्हणजे आईचे भाऊ, बदलापूरला राहायचे. खारी-टोस्टचा धंदा. दुकानांत माल पोचवायला त्यांनी पिकअप घेतली होती, आणि खारी भिजू नये म्हणून उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, हौद्यावर पत्र्याचं कडक झाकण बनवून घेतलं होतं. हवेला बाजूंना जाळी, चार कोपऱ्यांना चार जाडजूड बोल्ट. मागचा फाळकासुद्धा त्याच बोल्टांत अडकवलेला. बनवणारा सिंधी कारागीर म्हणाला होता, "साईं, चोर का बाप भी आए तो पाने के बिना नहीं खुलेगा!" हे वाक्य मामा येईल त्याला ऐकवायचे. मामींपेक्षा त्या झाकणावर त्यांचा जास्त जीव, असं खुद्द मामीच म्हणायच्या.

लग्न अंबरनाथला, गोरज मुहूर्त. सकाळी कॅम्प तीनमधून ताईचं लोखंडी कपाट आणायचं होतं. झाकणाखाली कपाट मावणार कसं? शेवटी मामांनी तोंड कडू करून झाकण काढू दिलं.

"पण विन्या," मला म्हणाले, "वरात यायच्या आत झाकण जागेवर पाहिजे. विसरलास तर मुलीला मंडपात मी नाही आणणार, सांगून ठेवतो!"

आता सांगा, मामाशिवाय नवरी मंडपात येते का कुठे?

कपाट आलं. जेवणाच्या पंगती बसल्या. जिलबी घेऊन वाढपी मामांसमोर आला, तेव्हा मला काय दुर्बुद्धी सुचली! मी त्याच्या कानात म्हणालो, "मामांना साखर आहे, पुढे जा." मामांनी ऐकलं. हात धुतले आणि गेले.

मी मात्र शब्दाचा पक्का! मंडपवाल्याची माणसं धरून आणली, त्याचाच पाना घेतला आणि झाकण चढवलं. हौद्यात गाद्या-चादरींचा ढीग पडला होता, तो तसाच राहू दिला. बोल्ट आवळले, नवा कोट चढवला आणि ऐटीत मांडवात आलो.

ऊन कलायला लागलं आणि आई धावत आली. "विन्या, दादा कुठेय?"

शोधाशोध सुरू झाली. खोल्या बघितल्या, मोरी बघितली, पानाची टपरी बघितली. मामा गायब!

मामींनी शांतपणे सांगितलं, "रुसलेत. जिलबी."

झालं! सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. "साखर आहे म्हणे! डॉक्टर लागून गेलास का रे?" आईने तर डोळ्यांना पदर लावला. ताई मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, "मामा आले नाहीत तर मी उठणारच नाही." तेव्हा मोबाईल कुठले? हॉलवाल्याचा एक फोन, त्यालाही कुलूप! आणि असून काय, मामांकडे फोन नव्हताच.

"मी घेऊन येतो मामांना!" असं म्हणून मी जिलबीचा पुडा बांधला, सकाळपासून आईकडेच ठेवलेली पिकअपची चावी घेतली आणि बदलापूरची वाट धरली. माणूस रुसून स्वतःची गाडी सोडून कसा जाईल, हा प्रश्न मला पडला का? नाही पडला.

थोडं पुढे गेलो आणि मागून आवाज. धाड! धाड धाड! म्हटलं, बोल्ट ढिले राहिले. झाकणाला ओरखडा आला तर मामा आयुष्यभर तोंड बघणार नाहीत! नाक्यावर गाडी थांबवली. आवाज बंद. मंडपवाल्याचा पाना गाडीतच राहिला होता, तो घेतला, दातओठ खाऊन चारही बोल्ट आवळले. गाडी सुरू केली, की पुन्हा धाड धाड! म्हटलं, वाजू दे बापडं.

बदलापूरला मामांच्या दाराला कुलूप. पण मामांना मी ओळखतो, मागच्या दाराने आत जाऊन बसले असतील. मी अंगणात हात जोडून उभा राहिलो. "मामा, चुकलं माझं! तुम्ही हवी तेवढी जिलबी खा. मला जोड्याने मारा, पण ताईसाठी चला हो!" बोलता बोलता खरंच रडू आलं मला.

पाठीमागून आवाज आला, "अरे गाढवा, आधी मला बाहेर काढ!"

मी वळलो. अंगणात कुणी नाही. फक्त पिकअप.

"मामा? तुम्ही आत?"

"जेवून गाद्यांवर जरा पडलो होतो! चादर ओढून! जाग आली तर गाडी पळतेय. मला वाटलं, चोरांनी गाडी नेली माझ्यासकट!"

"मग मी थांबलो तेव्हा ओरडला का नाहीत?"

"पत्रा बडवत होतो तो रस्त्यावरच्या लोकांसाठी! थांबल्यावर चोराला कळवू, मी आत आहे म्हणून?"

मी पाना शोधायला लागलो. पाना होता कुठे? नाक्यावर, रस्त्याच्या कडेला! जिथे आवळले, तिथेच ठेवून आलो होतो.

मामा आतून ओरडले, "राहू दे! मुहूर्त टळेल. पळव गाडी! आणि तो पुडा इकडे आण." जाळीतून मी जिलबीचे तुकडे सरकवले. जन्मात कुणी मामाचा रुसवा असा काढला नसेल.

हॉलवर पोचलो तेव्हा अंतरपाट धरला होता. चावी कोटाच्या खिशात टाकली, मंडपवाल्याचा दुसरा पाना मिळाला, झाकण उचललं. मिशीला कापूस आणि पाक लावून मामा उठले आणि तडक ताईकडे गेले. तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. हुश्श! मामींनी पदराने त्यांची मिशी पुसली. मी नवरदेवाचा कान पिळला, अगदी मनापासून पिळला.

पाठवणी झाली. मामा म्हणाले, "आता झाकण." या वेळी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. एकेक गादी उचलून बघितली, सगळ्या नातेवाइकांना हाका मारून बाहेर असल्याची खात्री केली. मग झाकण चढवलं आणि बोल्ट असे आवळले की चोराचा बापही हात टेकेल. मंडपवाला आपला पाना घेऊन बांबूंसकट निघून गेला.

"शाबास!" मामा म्हणाले. "आण चावी."

मी खिसा चाचपायला गेलो. खिसाच नव्हता. कारण अंगात कोट नव्हता. झाकण चढवायला अडचण नको म्हणून मीच काढून ठेवला होता. गाद्यांवर.

त्या लग्नात कानपिळी दोनदा झाली. पहिलीत मला आहेर मिळाला. दुसरीत कान माझा होता, आणि पिळणारे हात पाकाने अजून चिकट होते.