एकाच नावाच्या दोघी

माझी नात पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिनं आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. जुन्या कागदांत पुरुषांची नावं मिळाली, बायकांची मिळेनात. म्हणून ती फोन घेऊन शेतातल्या समाध्या वाचत फिरली. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला आमची जमीन आहे आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या समाध्या तिथंच बांधावर आहेत. तिनं लिहिलेल्या पानावर माझ्या वडिलांना एकच बायको होती. ही चूक तिची नाही. ती माझी आहे, आणि मी असेपर्यंत ती दुरुस्त व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

वडिलांची दोन लग्नं झाली. पहिली बायको इनामगावची. पदरची मुलगी वर्षाची असतानाच ती वारली. ती मुलगी म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. दुसरी केंदूरची, ती माझी आई. लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती. आजीनं दुसऱ्या सुनेला पहिलीचंच नाव ठेवलं. सगळ्यांच्या तोंडी बसलंय, म्हणाली. त्यामुळं गेलेलीचं नाव घरात रोज घेतलं जायचं आणि हाकेला ओ द्यायची माझी आई.

पहिलीची समाधी म्हणजे लहानसा चौथरा. वर एक काळा दगड, त्यावर कोरलेली दोन पावलं. अक्षर एकही नाही. मी नदीवरून पाइपलाइन आणली तेव्हा मोटारीच्या खोलीच्या आड हा चौथरा आला. खोली दहा फूट सरकवली असती तरी चाललं असतं. मी चौथरा काढला. पावलांचा दगड चांगला सपाट होता. तो पालथा घालून खोलीची पायरी केली.

पुढं वडील गेले, मग आई गेली. मी दोघांची समाधी बांधली, संगमरवरी फरशी बसवली. मामांच्या आग्रहावरून आईच्या नावाखाली ‘माहेर केंदूर’ असं कोरून घेतलं. आक्का दौंडहून आली. इकडं तिकडं बघून म्हणाली, “माझ्या आईचं कुठं हाय रं?” मी फरशीवर बोट ठेवलं. नाव वाचून दाखवलं. खालची ओळ वाचली नाही. आक्काला वाचता येत नाही.

त्यानंतर ती दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला यायची. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची ती तिथ. मोटारीच्या खोलीच्या पायरीवर उभी राहून पाय धुवायची, मग फरशीला हळदकुंकू लावायची. मी नळी धरायचो. नात जन्मली तेव्हा बारशाला आक्कानंच हट्ट धरला, माझ्या आईचं नाव ठेवा. मी ठेवलं. मनात माझी आई होती.

गेल्या नवमीला नात गाडी घेऊन आक्काला आणायला दौंडला गेली. शेतात आल्यावर आक्का तिला म्हणाली, “तुझ्या फोनात लिवतीस ना समदं? मंग वाच की मोठ्यानं. तुझंच नाव हाय त्यात.”

तिनं वाचलं. खालच्या ओळीसकट.

“केंदूर?” आक्का म्हणाली. “न्हाई गं. माझी आई इनामगावची. नीट बघ.”

“केंदूरच आहे, आजी.”

आक्का माझ्याकडं वळली. मी उगीच तंबाखूची पुडी चाचपत होतो.

“मग माझं नाव कुणाचं?” नातीनं विचारलं.

“आज्याला इचार तुझ्या. दगड त्यानं लावलाय.”

मी सांगितलं. सगळं, पायरीसुद्धा. आक्का चिडेल, रडेल असं वाटलं होतं. ती पायरीपाशी गेली आणि एवढंच म्हणाली, “इतकी वर्सं पाय धुतले मी हितं. तू पाणी घालत व्हतास.”

मी पहार आणली. सिमेंटनं दगड धरून ठेवला होता, कोपरा थोडा उडाला. उलटा केल्यावर पावलं दिसली, मातीनं भरलेली. आक्का खाली बसली, पदरानं माती काढली आणि पावलांवर वीत ठेवून पाहिली.

“ल्हानी हाय की पोर,” ती म्हणाली. “माझ्या नातीपरीस ल्हानी.”

मी म्हणालो, “आक्का, याच्यावर नाव कोरून घेतो. शिरूरला नेतो उद्याच.”

“नाव नगं. त्ये तुम्ही दुसरीला दिलं, ऱ्हाऊ द्या तिलाच. गाव लिव.”

त्या दिवशी ती आमच्याकडं जेवली नाही. कितीही म्हटलं तरी नाही. नातीनं तिला उपाशीच दौंडला सोडलं.

शिरूरच्या कारागिरानं मला दोनदा विचारलं, आबा, नाव राहिलं का? मी म्हणालो, नाही. दगडावर आता ‘माहेर इनामगाव’ एवढंच आहे. खोली पाडली नाही, तिच्या शेजारीच नवा चौथरा बांधला. वंशावळीत नातीनं माझ्या वडिलांच्या नावापुढं दोन रेघा ओढल्या आहेत आणि दोन्हींपुढं एकच नाव लिहिलं आहे. पुढं कुणाला ते लिहिण्याच्या नजरचुकीनं झालं असं वाटलं तर त्यानं एक खोडू नये. आक्का यंदा येईन म्हणालेली नाही, येणार नाही असंही म्हणालेली नाही.