लढायांची पेटी घेऊन भामरागडला

भामरागडला शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीनं, रंजनानं, गावात वाचनालय सुरू केलं आणि मला फोन केला, "स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ढीगभर आलीत. गोडीनं वाचावं असं काहीतरी आण." मी भद्रावतीच्या वाचनालयात काम करते आणि लढायांची पुस्तकं म्हणजे माझा जीव की प्राण. पेटी भरायला कितीसा वेळ लागणार!

चंद्रपूरच्या बसमध्ये कंडक्टरनं पेटी हलवून पाहिली. "काय आहे जी यात?"

"लढाया."

"मंग सीटखाली ठेवा. गाडीत सुरू नोका करू."

चंद्रपूरला पोहे-तर्री खाल्ली आणि आलापल्लीची गाडी धरली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. मुक्कामाचं मात्र आधी ठरवून निघा. पावसाळ्यात तर येऊच नका, पुलावर पाणी चढलं की गावाचा रस्ता बंद. वाटेत खनिजाच्या ट्रकांची धूळ पोटभर खाल्ली, पण आलापल्लीपुढचं सागाचं जंगल सुरू झालं आणि सगळा शीण गेला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात सतरंजीवर पुस्तकं मांडली. माझा एक हट्ट असतो: युद्धाचा इतिहास नेला की त्याच काळातली कादंबरीही न्यायची. सैन्य कुठून कुठं गेलं ते इतिहास सांगतो. चालून चालून पाय कसे सोलवटले, ते कादंबरीत कळतं. रंजनाच्या शाळेतले एक गुरुजी किल्ल्याच्या वेढ्यावरची अशी जोडी घेऊन गेले. मी खूश.

मग जुरीबाई आल्या, सोबत त्यांची सून सुनीता. मुलगा फौजेत, बर्फातल्या ठाण्यावर.

"फोनवर मी इचारते, बरा आहेस? तो म्हणते, हो," जुरीबाई म्हणाल्या. "मंग दोघंबी चूप. तिकडचं मले काईच मालूम नाई, त काय बोलू?"

मी उत्साहानं माझं सर्वांत लाडकं पुस्तक दिलं, बर्फातल्या लढाईचं. सुनीता एकेक वाक्य वाचून त्यांच्या माडिया बोलीत सांगू लागली. दुसऱ्याच पानावर तोफा सुरू झाल्या. जुरीबाईंनी पानावर हात ठेवला. "हे नाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला कोणी असलं देतं?

पेटीच्या तळाशी एक बारीक पुस्तक होतं, बर्फातल्या ठाण्यांवर रसद कशी पोचते त्याचं. भद्रावतीत ते कुणीच नेलं नाही. आमचे निम्मे वाचक दारूगोळ्याच्या कारखान्यातले, त्यांना धडाका लागतो. यात खेचरं होती, रॉकेल होतं, उंचावर डाळ लवकर शिजत नाही म्हणून चढवलेले कुकर होते. जुरीबाई सरकत सरकत सुनीताला चिकटून बसल्या.

"म्हणजे गरम भेटत असन त्याले," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक सुनीताच्या पिशवीत गेलं.

घरी परतून आठवडा झाला. सागाचं जंगल अजून डोळ्यांपुढे आहे, आणि शिफारस करण्याआधी समोरच्याचं नीट ऐकायचं, एवढं शिकले. काल सुनीताचा फोन आला.

"ताई, सासूबाईनं त्याले इचारलं, तिकडं डाळ शिजते का रे? तो हासलाच. मंग खेचरायचं सांगत बसला, त बॅटरी संपेपर्यंत."

"आणि पुस्तक?"

"अर्धं झालं. तोच म्हणते, आई, पुढचं ऐकून ठेव, रविवारी मले सांग."