बाबांनी लावलेली नोकरी

कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, इंटर्नशिपच्या संधीचं सोनं करा. मी आपल्या परीने करत होतो. बालाघाटला कोर्टाजवळ एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दोन महिने बसायचं होतं. काम म्हणजे झेरॉक्स काढणं, राइस मिलवाल्यांच्या बिलांचे गठ्ठे तारखेवार लावणं आणि साहेब समोर बसलेले असताना फोनवर "साहब मीटिंग में हैं" म्हणणं. पगार नव्हता. खरं सोनं केलं ते आमच्या बाबांनी, खैरलांजीकडच्या आमच्या गावात घरबसल्या. पोरगा बालाघाटला लागला, असं त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं.

"बाबा, मी शिकाऊ आहो. लागलो नाही," मी फोनवर म्हणालो.

"ऑफिसात बसून राह्यला ना? खुर्ची आहे ना? मंग?"

खुर्ची होती, हे मला नाकारता येईना. तिचा एक हात तुटला होता, पण होती.

आमच्याकडे मुलगा नोकरीला लागला की स्थळं येतात. मुलीकडचे आधी घरी येत नाहीत, न सांगता मुलाच्या ऑफिसवर चक्कर मारतात. पोरगा तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो का, साहेबाशी कसा बोलतो, सगळं गुपचूप पाहून घेतात. आमचा मध्यस्थ मोठा कर्तबगार, त्यामुळे ही गुप्त चौकशी बाबांना आदल्या दिवशीच कळली.

"उद्या पाव्हणे येऊन राह्यले तुले पाह्याले. पोरगी नागपूरले बँकेत लागली आहे. तुले काही मालूम नाही असं दाखव."

"पण मले लग्न नाही कराचं आत्ता."

"कर कोन म्हणते? माही इज्जत ठेव फक्त."

मला बाबांचा राग आला, आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटली. खोटं उघडं पडलं तर मी कॉलेजला निघून जाणार होतो. गावात तोंड लपवून त्यांनाच फिरावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आले, ते नेमके मी साहेबांचे चहाचे कप उचलत असताना. साहेब म्हणाले, "अरे, इनको पानी पिलाओ." मी पाणी दिलं. साहेब कोर्टाकडे निघून गेले. गृहस्थांनी कपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"का काम करून राह्यला बाबू इथं?"

'नोकरीला आहो' हे उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं. पण माणूस इतका मवाळपणे विचारत होता की ते तोंडातून निघेचना. "काका, मी इंटर्न आहो. दोनच महिने. पगार नाही."

त्यांनी पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि एकदम हसले. "आमची पोरगी बी बँकेत तुह्यासारखीच लागली आहे. नोकरीचं माह्याच तोंडून गेलं साऱ्या गावात. पोरीनं लय झगडा केला माह्यासंग."

मला ते गृहस्थ फार आवडले. डोक्यावरचं ओझं उतरलं. दोन्हीकडे सारखंच म्हटल्यावर कोण कोणाला हसणार? मी लगेच बाबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे खोटं बोलले ते?" बाबा कडाडले. "असल्या घरी सोयरीक नाही कराची आपल्याले. नाही म्हणून सांगतो मी मध्यस्थाले."

फोन ठेवायच्या आधी त्यांच्याजवळ बसलेल्या कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन. बाबांचा आवाज लगेच मऊ झाला.

"पोराचा. ऑफिसातून बोलून राह्यला."